रंगीत पाणी आणि निवळशंख पाणी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाची संहिता)



या व्याख्यानमालेचे पहिले पुष्प नाट्यसंगीताचे होते, दुसरे संतवाङ्मयाचे. तिसऱ्यासाठी मंडळाने आमच्यासारख्या निवृत्त रसायनज्ञास पाचारण केले, हे धाडसच म्हणावयाचे. ज्या पदार्थाला रंग नाही, रुची नाही, गंध नाही असे आपण सर्वजण शाळेत घोकलो, त्याविषयी तासभर बोलावयाचे आहे. मात्र आजचा आमचा विषय त्या व्याख्येत न बसणारे पाणी हा आहे. जे पाणी निसर्गतःच लाल, गुलाबी, हिरवे, काळे किंवा दुधासारखे दिसते, त्यात असते तरी काय, आणि ते शोधून काढावयाचे कसे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. शेवटी रंग नसलेल्या एका पाण्याविषयीही बोलावे लागेल. ते बोलणे आम्हांस सोपे नाही, परंतु ते टाळून हा विषय पुरा होत नाही.

२०२० सालचा जून महिना आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. टाळेबंदी होती, मंडळाचे सभागृह बंद होते, आणि आपण घराघरांत अडकून पडलो होतो. अशात एके दिवशी सकाळपासून आमचा दूरध्वनी खणखणू लागला. लोणारचे सरोवर गुलाबी झाले होते. आमचे बालपण मेहकरच्या बाजूला गेले, ही गोष्ट मंडळात सर्वांना ठाऊक. जणू ते तळे आमच्या परसदारीच असावे अशा अधिकाराने प्रत्येकजण आमच्याकडे खुलासा मागत होता. कोणी म्हणे कारखान्याचे पाणी शिरले, कोणी म्हणे पृथ्वीच्या पोटात काहीतरी घडते आहे. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी तर हा लवणासुर पुन्हा जागा झाल्याचे लक्षण म्हणून सांगितले. लोणारची ती कथा आपणांपैकी वऱ्हाडकडच्या मंडळींनी ऐकली असेलच. विष्णूने दैत्यसूदन होऊन लवणासुराला त्याच्या विवरात मारले, तेथील पाणी हे त्याचे रक्त आणि तेथील खार हे त्याचे मांस. कथा रचणाऱ्याने पाणी लाल झालेले कधी पाहिले होते की काय, असा प्रश्न त्या दिवशी आमच्याही मनात डोकावून गेला.

ज्यांनी लोणार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बुलढाणा जिल्ह्यात, दख्खनच्या काळ्या पाषाणात, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून जवळजवळ १५० मीटर खोल असे हे वाटोळे विवर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जाई. पुढे विसाव्या शतकात ते उल्कापाताने झाल्याचे सिद्ध झाले. त्याच्या वयाविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. एका पद्धतीने ते बावन्न हजार वर्षांच्या आसपास येते, तर दुसरीने पाच लाख सत्तर हजारांच्या. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या वाटीला बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी आत येते ते पावसाने आणि झऱ्यांनी, बाहेर जाते ते केवळ वाफ होऊन. आणि वाफ होताना पाणी एकटेच जाते, सोबत आणलेले क्षार मागे ठेवून जाते.

गंमत अशी की काठावरच्या धारेचे पाणी गोड आहे. बारमाही वाहणाऱ्या त्या धारेखाली यात्रेकरू स्नान करतात. तेथून पायऱ्या उतरून कमळजादेवीच्या देवळापाशी यावे तर तळ्याचे पाणी तोंडात धरवत नाही. काठाजवळच सासू-सुनेची विहीर आहे. एका अंगाचे पाणी गोड, दुसऱ्या अंगाचे खारट, असे लोक सांगतात. यांतले गोड अंग कोणाचे, हा वाद आमच्या लहानपणी घरोघरी चाले. त्यात आम्ही आज पडणार नाही.

१९८६ साली सुटीत घरी गेलो असता आम्ही तळ्याचे पाणी एका बाटलीत भरून आणले होते. तेव्हा ते हिरवट होते. त्या पाण्याचे आम्ही काय काय केले ते सांगितले, म्हणजे जलपृथक्करण या भारदस्त शब्दामागे किती साधे व्यवहार असतात हे ध्यानी येईल.

पहिली गोष्ट गाळण्याची. बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून पाणी ओतावे. रंग कागदावर राहिला, तर तो पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा किंवा जिवांचा आहे. रंग कागदातून पार झाला, तर तो पाण्यात विरघळलेला आहे. केवळ एवढ्या परीक्षेने अर्ध्या कल्पना बाद होतात. जंगलातल्या डबक्याचे पाणी चहासारखे दिसते, ते पानांतली टॅनिने विरघळल्याने. ते कागदातून तसेच उतरते. लोणारचे हिरवेपण कागदावर राहिले. ते सूक्ष्म शैवालांचे होते. स्पायरुलिना या नावाने ज्याच्या गोळ्या आता औषधांच्या दुकानांत मिळतात, त्याच कुळातले जीव त्या पाण्यात सुखाने नांदतात, आणि त्यांच्यासाठी रोहित पक्षी तेथे उतरतात.

दुसरी गोष्ट, लिंबाचा रस. आम्ही गाळलेल्या पाण्यात लिंबू पिळले आणि ते फसफसले. समुद्राच्या पाण्यात लिंबू पिळून असे होत नाही. म्हणजे लोणारचा खारटपणा निव्वळ मिठाचा नव्हे. त्यात सोडा आहे, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा या दोन्ही भावंडांचा. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, शुद्ध पाण्यास सात असतो. लोणारच्या पाण्याचा तो दहाच्या आसपास भरतो. पूर्वी या तळ्याचा खार काढून विकण्याचा मोठा धंदा चाले, आणि त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. आपल्या भगिनी मंडळासाठी पापड लाटतात तेव्हा जो पापडखार घालतात, तो याच गोत्रातला.

मग प्रयोगशाळेतली कामे. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकताच पाणी गडद गुलाबी झाले. २०२० साली बातमी ऐकून आम्हांस पहिल्यांदा ही परीक्षानळीच आठवली, आणि कोणा खोडकर विद्यार्थ्याने तळ्यात बाटली रिकामी केली असावी असे आम्ही घरात म्हणालोही. त्या गुलाबी पाण्यात मोजून मापून आम्ल सोडत जावे. रंग जातो तेथे कार्बोनेटाचा अर्धा हिशेब लागतो. पुढे मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत आम्ल सोडले की उरलेल्याचा. क्लोराइडासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरतात. येथे आमच्यासारखे नवखे हमखास फसतात. इतक्या सोड्याच्या पाण्यात चांदी कार्बोनेटाशीच संधान बांधते, आणि मीठ आहे त्याहून अधिक भासते. म्हणून आधी पाण्याचा सोडा आम्लाने मारावा लागतो. सोडियमसाठी पाण्याचा फवारा ज्योतीत सोडतात. ज्योत पिवळी होते, आणि त्या पिवळेपणाची तीव्रता यंत्र मोजते. लोणारचे पाणी शेकडो पट पातळ केल्यावाचून यंत्राचा काटा ताळ्यावर येत नाही.

सर्व आकडे हाती आले की जमाखर्च मांडावयाचा. पाण्यातील धनभारित कण एका बाजूस आणि ऋणभारित कण दुसऱ्या बाजूस, योग्य त्या मापाने मांडले असता दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत, कारण पाण्याला हात लावून कोणास विजेचा झटका बसत नाही. शेकडा पाचाहून अधिक फरक आला तर एखादा घटक मोजावयाचा राहिला किंवा मोजणारा चुकला. आमची पहिली बेरीज चुकली होती. दोष अर्थातच त्या चांदीचा.

आता खरा प्रश्न. समुद्र खारट, लोणारही खारट. मग एकात मीठच मीठ आणि दुसऱ्यात सोडा का? याचे उत्तर आम्हांस रसायनशास्त्रातील अत्यंत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते. पावसाचे पाणी काळ्या खडकातून झिरपताना थोडा कॅल्शियम, थोडा सोडियम आणि बरेचसे बायकार्बोनेट घेऊन येते. तळ्यात ते आटू लागले की सर्वांत आधी जोडी जमते ती कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची, म्हणजे चुनखडीची. ती न विरघळणारी, म्हणून साका होऊन तळाशी बसते. आता या दोघांत ज्याचा पुरवठा आरंभी कमी, तो संपून जातो, आणि ज्याचा अधिक, तो एकटा मागे उरतो. कॅल्शियम अधिक असता तर कार्बोनेट संपले असते आणि तळे निराळ्याच जातीचे झाले असते. लोणारच्या झऱ्यांत कार्बोनेटाचा पुरवठा किंचित अधिक. तेव्हा कॅल्शियम संपला, सोडियम आणि कार्बोनेट उरले, आणि हजारो वर्षे आटत आटत त्यांचा सोडा झाला. आरंभीचा फरक अत्यल्प, शेवट मात्र दोन टोकांना. कॅल्शियम गेलेल्या पाण्याची ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

मग २०२० सालचे गुलाबीपण? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची दखल घेतली, आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. प्रथम संशय होता ड्युनॅलिएला नावाच्या लाल रंग धारण करणाऱ्या शैवालावर. आघारकर संस्थेतील तपासणीत निष्पन्न झाले ते निराळे. हॅलोआर्किया नावाचे अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्या पाण्यात दाटले होते आणि रंग त्यांचा होता. नमुना स्थिर ठेवला असता ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी निवळले. म्हणजे पुन्हा तोच पहिला प्रश्न, रंग पाण्याचा की पाण्यातल्या कशाचा? उन्हाने तळे आटले होते, क्षारांचे प्रमाण वाढले होते, हिरव्या जिवांना ते असह्य झाले आणि गुलाबी जिवांना ते मानवले. रंगद्रव्य त्यांना प्रखर उन्हापासून राखते. अशा जिवांपैकी अनेकांचे वैशिष्ट्य असे की त्यांना शुद्ध पाण्यात टाकले तर ते फुटून मरतात. मीठ हेच त्यांचे चिलखत. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

लोणारसाठी एवढी धावाधाव करणाऱ्या आपल्या मंडळातल्या किती जणांनी सांभर पाहिले आहे? जयपूरहून फुलेऱ्याच्या वाटेने दोन घटकांचा प्रवास. देशातले सर्वांत मोठे आंतरभागातील खारे सरोवर, १९९० पासून रामसर यादीत असलेले, आणि तेथील मिठागरांत लोणारने एकदा दाखवलेला रंग वर्षानुवर्षे दिसतो. वाफ्यातले पाणी जसजसे दाट होते तसतसे ते हिरवट, मग गुलाबी, मग विटेसारखे लाल होत जाते. मिठागरातला जुना कामगार त्या रंगावरूनच मीठ केव्हा पडेल हे सांगतो. त्याला हॅलोआर्किया हा शब्द ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही नाही. सांभरमध्ये मीठ प्रधान, परंतु सोडा आणि सल्फेट हेही सोबतीला आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे हजारो पक्षी मेले तेव्हाही लोकांनी प्रथम पाण्याच्या रंगाकडे आणि क्षारांकडे बोट दाखवले. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केले ते बॉट्युलिझमचे. रंग बिचारा निर्दोष होता.

रंगाने अशी दिशाभूल पुष्कळदा केली आहे. २००१ सालच्या जुलैत केरळात लाल पाऊस पडला. आरंभी तो फुटलेल्या उल्केच्या धुळीचा म्हणून सांगण्यात आले. पुढे तपासणीत त्यात ट्रेंटेपोहलिया या शैवालाचे बीजाणू आढळले. आमच्याकडे नळाचे दुधासारखे पाणी घेऊन घाबरलेल्या गृहिणी येत. पेला दोन मिनिटे टेबलावर ठेवला की ते पाणी तळापासून वर निवळत जाई. ती केवळ दाबाखाली विरघळलेली हवा. वरून खाली निवळले तर गाळ, खालून वर निवळले तर हवा. ही परीक्षा फुकट आहे.

लोहाच्या पाण्याचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते आपल्याच मंडळाच्या अंगणात घडले. मागील बाजूची कूपनलिका प्रथम सुरू केली तेव्हा पाणी स्वच्छ आले. बादलीत तासभर राहिल्यावर ते पिवळे, मग तांबूस झाले, आणि त्याचा चहा केला तो शाईसारखा काळा उतरला. चहातली टॅनिने आणि लोह मिळून शाईच होते. जुन्या काळी हिरड्यापासून शाई करीत ती याच रीतीने. जमिनीच्या पोटात प्राणवायू नसतो. तेथे लोह रंगहीन रूपात विरघळलेले असते. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि साका बसतो. पाण्यावर तेलासारखी सप्तरंगी साय दिसली म्हणून तेल गळते आहे अशी आवई उठली होती. आम्ही काडीने ती साय ढवळून दाखवली. तेल असते तर ते पुन्हा एकसंध जुळले असते. ही साय पापुद्र्यासारखी तुटली आणि तुकडे वेगळेच राहिले. ती लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची. उपाय सोपा. पाणी उंचावरून धारेने पाडावे, हवा लागू द्यावी, निवळू द्यावे, वाळूतून गाळावे.

या कामात आम्ही स्वतः एक प्रमाद केला, तोही सांगून टाकतो. पहिला नमुना आम्ही अर्धवट भरलेल्या बाटलीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी तपासला. तोवर लोह गंजून बाटलीच्या भिंतीला चिकटले होते. वरचे निवळ पाणी आम्ही तपासले, आणि लोह जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष कार्यकारिणीपुढे ठेवला. कार्यकारिणीसमोर काळा चहा होता. ती मंडळी सज्जन म्हणून काही बोलली नाहीत. नमुन्यात तेथल्या तेथे आम्ल घातले असते तर लोह विरघळलेलेच राहिले असते, हे आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

आता ज्यासाठी हे सारे आरंभले ते.

१९८२ साली आम्ही या प्रदेशात नवे होतो, नोकरीस तीन वर्षे झाली होती. लहान गावात बदली झालेले एक मराठी कुटुंब आमच्याकडे आले. पती, पत्नी आणि दोन मुले, थोरला चार वर्षांचा, धाकटी कडेवर. परमुलखात आपली भाषा कानी पडली की जे होते ते झाले. पिठलेभात झाला, गाणी झाली. निघताना वहिनींनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक गावातल्या विहिरीची, पाणी पिवळसर, गढूळ. दुसरी घरामागच्या नव्या कूपनलिकेची, काचेसारखी निवळशंख. कोणते प्यावे एवढाच प्रश्न होता.

आम्ही गढुळाचे पृथक्करण मोठ्या हौसेने केले. त्यात मातीचे कण आणि मर्यादेतले क्षार निघाले, म्हणजे निवळवून उकळून प्यावयास चालले असते. निवळ पाण्याची दुष्फेनता तेवढी पाहिली. ती अगदी थोडी होती. पाणी सुफेन आहे, साबणाला फेस भरपूर येईल, डाळ लवकर शिजेल, असे आम्ही पत्र लिहिले. वहिनींचे उत्तर आले की खरेच, तुरीची डाळ आता घरच्यासारखी शिजते. त्या पत्राने आम्हांस किती आनंद झाला होता! फ्लोराइड तपासण्याचे साहित्य आमच्या शेजारच्या कपाटात होते. नमुन्याबरोबर तशी मागणी लिहून आली तरच ती परीक्षा करावयाची, असा तेव्हाचा परिपाठ होता. तो परिपाठ आम्ही आज आड करीत नाही. ही मंडळी काही टपालाने आली नव्हती. आमच्या पानावर जेवून गेली होती.

आपणांस लोणारचा कॅल्शियम आठवत असेल. येथील खडकांत फ्लोरिनची खनिजे आहेत. पाण्यात कॅल्शियम भरपूर असला तर तो फ्लोराइडाला फार वाढू देत नाही, कारण त्या दोघांचेही लग्न न विरघळणारे. परंतु सोड्याच्या वळणाच्या पाण्यातून कॅल्शियम आधीच निघून गेलेला असतो. मग फ्लोराइडाला अडवणारे कोणी राहत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही त्या पाण्याची प्रशंसा केली, ते सुफेन असणे, डाळ शिजवणे, तोच गुण पाहून आमच्यासारख्याच्या मनात संशय यावयास हवा होता. भारतात फ्लोराइडाने होणाऱ्या विकाराचे वर्णन आंध्राकडच्या नेल्लोर भागातून १९३७ सालीच प्रसिद्ध झाले होते. राजस्थानची भूजले यासाठी प्रसिद्ध आहेत हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. वाचलेले आणि पेल्यातले यांचा संबंध आम्हांस जोडता आला नाही.

सात वर्षांनी ते कुटुंब बदली होऊन शहरात आले आणि आपल्याच मंडळाच्या गणेशोत्सवात भेटले. धाकटीने बालविभागात गाणे म्हटले. गाताना ती ओठ मिटून घेई, आणि टाळ्या पडल्यावर हसली ती तोंडापुढे हात धरून. तिच्या नव्या दातांवर खडूसारखे आणि तपकिरी पट्टे होते. थोरल्याच्याही होते. दाताचे कवच घडत असते त्या वर्षांत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, फ्लोराइड अधिक पोटात गेले तर हे होते, आणि झालेले पुसता येत नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या गावी गेलो. कूपनलिका चालूच होती. पाणी तसेच निवळशंख. झिर्कोनियम आणि अलिझरिन यांचे तांबूस द्रावण त्यात घातले आणि ते डोळ्यांदेखत पिवळे पडले. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. तेथे ते दीडाच्या दुपटीहून अधिक होते. शेजारच्या गढूळ विहिरीत ते मर्यादेच्या आत होते. त्या घरात आता दुसरे भाडेकरू राहत होते आणि अंगणात एक मूल खेळत होते.

त्या नव्या कुटुंबास आम्ही विहिरीचे पाणी तुरटीने निवळवून प्यावयास सांगितले, आणि कूपनलिकेवर पिण्यासाठी नव्हे अशी पाटी लावून घेतली. जेथे दुसरे पाणीच नाही तेथे नागपूरच्या नीरीने बसवलेली नलगोंडा पद्धत आहे. तुरटी आणि चुना ठरावीक मापाने घालून ढवळावे, साका बसू द्यावा, वरचे पाणी घ्यावे. मात्रा पाण्याची परीक्षा करूनच ठरवावी लागते, अंदाजाने नव्हे. त्या जुन्या कुटुंबास आम्ही सारे सांगितले. पती काही बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या पत्रानंतर आम्ही पाहुण्यांनाही तेच पाणी देत होतो हो.” त्या मुलीचे पुढे लग्न झाले. लग्नाच्या छायाचित्रांत ती ओठ मिटूनच हसते आहे. आमच्याविषयी त्या घरात कधी कटू शब्द निघाला नाही, आणि याचे ओझे आम्हांस कटू शब्दाहून अधिक वाटत आले आहे. आज हे जाहीरपणे सांगण्यास त्यांनीच अनुमती दिली.

तेव्हापासून कोणीही रंगीत पाणी घेऊन आले की आम्ही घरात रोज पिता ते पाणीही आणावयास सांगतो. लोक हसतात. तांबडे पाणी माणूस आपणहून तोंडाला लावीत नाही. फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक यांना रंग नाही, वास नाही, आणि या मात्रेत रुचीही नाही.

महोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीने एक व्यवस्था केली आहे. येत्या चार रविवारी सकाळी आम्ही आणि आमचे दोन तरुण सहकारी सभागृहाच्या मागील खोलीत बसू. प्रत्येक घराने दोन बाटल्या आणाव्यात, दोन्ही प्लास्टिकच्या, औषधाच्या किंवा सरबताच्या नकोत. कूपनलिका पाच मिनिटे चालू द्यावी, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, आणि आत हवा न राहील अशी काठोकाठ भरावी. दुसऱ्या बाटलीत घालावयाचे आम्ल आम्ही येथून देऊ. ते मुलांच्या हाती देऊ नये. पाणी त्याच सकाळी भरलेले असावे, आदल्या रात्रीचे नको. घरात आठ वर्षांखालील मूल असेल त्यांनी पहिल्या रविवारीच यावे, बाकीच्यांनी नंतर. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, नळ की कूपनलिका, आणि भरल्याची वेळ लिहावी. ती पेन्सिलीने लिहावी. ओल्या बाटलीवर शाई फुटते.